कंपनीच्या मापाची गाडी

मोटरसायकलच्या मागच्या सस्पेन्शनमधलं आमच्या नागावात माझ्याइतकं कोणाला कळत नाही, असं मी या मार्च महिन्यापर्यंत मानत होतो. दिवसभर नारळ, सुपाऱ्या आणि आमच्या खोल्यांवर उतरलेले पाहुणे सांभाळायचे आणि रात्री जेवून मोबाइलवर शॉक, स्प्रिंग, पट्ट्या यांचे व्हिडिओ बघायचे, असा माझा अभ्यास होता. अभ्यास दांडगा होता. फक्त त्यात एक गोष्ट राहून गेली. ती पुढे येईलच.

गाडी मी पनवेलच्या एका माणसाकडून घेतली. लाल, स्पोर्ट जातीची. महिन्याभरानं विनेशनं ती खाली वाकून पाहिली. विनेश माझा शाळेपासूनचा मित्र, रेवदंड्याला त्याचं गॅरेज आहे.

"रितेश, ही गाडी बसवलेली आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मागच्या शॉकला खालून जोडणाऱ्या दोन पट्ट्या असतात ना, त्या आधीच्या मालकानं लांब घातल्यात. पट्टी लांब केली की गाडीचं बूड खाली बसतं. बूड खाली, म्हणजे तोंड वर. वळणात रेड्यासारखी जाणार."

मला झोप लागेना. माझी गाडी रेड्यासारखी जाते हे मला सहन होणारं नव्हतं. मी कंपनीच्या मूळ मापाच्या पट्ट्या मागवल्या, वर कंपनीचाच नवा, कडक शॉक मागवला. रचनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खोका बघितला.

"अहो, गाडी चालते ना?"

"चालते. पण भूमिती चुकलीय."

"दहावीला किती होते तुम्हाला भूमितीत?"

अशा प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

विनेशनं एका दुपारात सगळं बसवलं. गाडी स्टँडवरून सरळ केली तेव्हा मागचं बूड असं वर आलं होतं, की दाण्यावर चोच मारणारा कोंबडाच. मी ऐटीत टांग टाकून बसलो. पाय खाली सोडले. ते खाली जात राहिले. जमीन काही आली नाही. डाव्या बाजूला बरंच कललो तेव्हा अंगठ्याला काहीतरी लागल्यासारखं वाटलं.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. पनवेलच्या माणसानं गाडी का बसवून घेतली होती, ते मला त्या क्षणी कळलं. तोही बुटका होता.

विनेशनं माझ्या पायांकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं. "मापात आहे ना?" त्यानं विचारलं.

"एकदम कंपनीच्या मापात," मी म्हणालो.

रचनाला मी काही सांगितलं नाही. गाडी चालू असताना खरोखर सुरेख चालायची. वांधा फक्त थांबण्याचा होता, आणि त्यावर मी उपाय काढला. डाव्या हाताला ओटा, कठडा, मैलाचा दगड, काहीतरी उंच बघून तिथंच थांबायचं. नागावात अशा जागा पुष्कळ आहेत.

आणि मग आईला पालीला जायचं होतं.

माझी आई, केसर, वर्षातून एकदा बल्लाळेश्वराला जातेच. तिला एसटी लागते, मोटार लागते, रिक्षासुद्धा लागते. मळमळत नाही ती फक्त दुचाकीवर. रचनाच्या स्कूटरचं चाक नेमकं पंक्चर होतं, त्यामुळे माझीच गाडी आली. आई नऊवारी नेसते, तेव्हा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्यात अडचण नव्हती. ती ओट्यावरून थेट मागच्या सीटवर आली. हेल्मेट घातलं. वर बसल्यावर तिनं शेजाऱ्यांच्या वाडीत पाहिलं.

"त्यांच्या माडाला नारळ बरे लागलेत की," ती म्हणाली.

निघताना रचना माझ्याजवळ आली आणि हळूच बोलली. "पोयनाडच्या अलीकडे फाट्यावर दादू मामा थांबणार आहेत. त्यांनी फोन केला होता. आईंना आधी कळलं तर त्या जायच्याच नाहीत. तुम्ही फक्त तिथं गाडी थांबवा. दोन मिनिटं. बाकी मामा बघतील. कराल ना एवढं?"

"त्यात काय," मी म्हणालो.

दादू मामा हा आईचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, त्याला आईनंच वाढवलेलं. पण मामाच्या मुलाचं, गणराजचं, लग्न झालं तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आत्या म्हणून पहिली हळद आईनं लावायची होती. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती, गणराज पिवळाधमक बसला होता. आई न जेवता परत आली. त्याच्या आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. आई काय समजली असेल ते मला कळत होतं, पण तिनं तोंडातून कधी अक्षर काढलं नव्हतं.

तेव्हा फाट्यावर थांबणं किती गरजेचं आहे, याची मला पूर्ण कल्पना होती. फाट्यावर एसटीचा थांबा आहे, त्याला चांगला गुडघाभर उंच चौथरा आहे, हेही मला माहीत होतं. सगळा हिशोब मनात पक्का होता.

अलिबाग मी एका बाजूनं सिमेंटच्या गाडीचा आधार घेत पार केलं. सिग्नलला तिचा फाळका धरून उभा राहिलो. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काय पायजे?"

"काही नाही. तुम्ही चालू द्या."

कार्लेखिंडीच्या वळणांत गाडी अशी काही वळली, की भूमितीवर खर्च केलेला प्रत्येक तास मला पावला. मात्र मागची सीट आता पुढे उतरती झाली होती. मी ब्रेक लावला, की आई घसरगुंडीवरून यावी तशी माझ्या पाठीवर यायची आणि हेल्मेटला हेल्मेट लागायचं. तिनं शेवटी दोन्ही हात माझ्या पोटाभोवती टाकले. मी बारा-तेरा वर्षांचा झाल्यापासून आईनं मला असं धरलं नव्हतं. त्या धरण्यानंच असेल, ती बोलू लागली.

"रितेश, हळदीच्या दिवशी मी वाटेत गजरा घेतला होता," ती म्हणाली. "मंग मांडवात गेल्यावर हळद लागलेली बघितली, आन् तो मी पिशवीतच ठेवला. मला वाटलं, कपाळ मोकलं झालेल्या बाईचा हात नको झाला माझ्या भावाला."

समोर फाटा दिसू लागला.

मामा उभे होते. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ, बाजूला त्यांची जुनी स्कूटर. चौथराही होता. पण चौथऱ्याला चिकटून एसटी उभी होती आणि तिच्या मागे कलिंगडांचा टेम्पो. डावीकडे धरायला जागा नव्हती. मी वेग कमी केला. मामांच्या तोंडावर हसू आलं, त्यांनी नारळ उंच केला. मी आणखी वेग कमी केला, इतका, की गाडी डगमगायला लागली. आईला पाडलं तर काय होईल ते डोळ्यांपुढे आलं. मी मान वळवली आणि गाडी पुढे काढली.

मामांचा हात नारळासकट वरच राहिला.

मागून आईचा आवाज आला. "तो दादू होता?"

"हो."

"तू थांबला न्हाईस."

"नाही."

तिनं माझ्या पोटाभोवतीचे हात घट्ट केले. "माझा बाला," ती म्हणाली. "आयेचा अपमान तुझ्या ध्यानात हाय."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं होतं ते असं, की माझे पाय पोचत नाहीत. तिच्या त्या आवाजापुढे ते मला उच्चारवेना.

धरमतरच्या पुलावर मी आरशात पाहिलं, तर मामांची स्कूटर मागे. टॉवेल वाऱ्यावर उडतोय आणि मामा पुढे वाकून चाललेत. वडखळच्या कोंडीत मी मिठाच्या ट्रकला धरून उभा राहिलो, तोवर ते जवळ आले. "रितेश, थांब रं," त्यांनी हाक मारली. तेवढ्यात ट्रक हलला. आधार गेल्यावर मलाही हलावंच लागलं. नागोठण्याच्या पुढे त्यांनी मला जवळजवळ गाठलं होतं, पण तिथं रस्ता मोकळा होता, कडेला दगड नव्हता, आणि थांबायचं म्हटलं तरी थांबणार कशावर?

"अजून येतोय?" आईनं विचारलं.

"येतोय."

"इतका कशाला येतोय?" तिचा आवाज आता जरा वेगळा होता. "त्याला उन्हाचा तरास होतो. डोकं धरतं त्याचं."

वाकण फाट्यावरून आम्ही पालीला वळलो. माझ्या खिशात फोन वाजायचा थांबत नव्हता. रचनाच असणार. मामांनी तिला कळवलं असणार, की भाच्यानं तोंड फिरवलं.

देवळाजवळच्या वाहनतळाला डावीकडे लांबच लांब कठडा आहे. मी त्याच्यावरच विसंबून होतो. त्या कठड्यावर एका सहलीच्या बसची सगळी माणसं ओळीनं बसून पोहे खात होती. मी वाहनतळाला एक फेरी मारली. मग दुसरी. कोणी उठेना.

तिसऱ्या फेरीला आई म्हणाली, "बाला, प्रदक्षिणा आत जाऊन घालायची असते."

चौथ्या फेरीला, फुलांच्या दुकानांपुढे, मामा पोचले. त्यांनी स्कूटर टाकली आणि माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता. मी ब्रेक दाबला, आई पाठीवर आली, गाडी थांबली आणि शांतपणे डावीकडे झुकू लागली. मामांनी धावत येऊन डावा हँडल आणि मागचा भाग छातीवर घेतला, आणि जोरात रेटला. गाडी आता उजवीकडे निघाली. आई कधी घसरून खाली उतरली ते मला कळलं नाही, पण तिनं उजवीकडून गाडीला खांदा लावला.

गाडी उभी राहिली. डावीकडे मामा, उजवीकडे आई, मध्ये मी. दोघांपैकी एकानं सोडलं, की दुसऱ्याच्या अंगावर गाडी येणार.

"पाय टेक ना मेल्या," मामा मला म्हणाले.

"टेकत नाहीत," मी म्हणालो. "नवीन पार्ट टाकलेत. म्हणून फाट्यावर थांबता आलं नाही, मामा. तुमचा अपमान करायचा नव्हता."

दोघांनीही माझ्या लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं. मामा टाकीवरून तिच्याकडे बघत होते. त्यांना धाप लागली होती.

"ताय, मला गणराजच्या हळदीचं बोलायचं हाय."

"बोल. मी कुठं जातेय?" आई म्हणाली. ते खरंच होतं.

"तुला आणायला मी जीप धाडली होती. ती रिकामी आली. डायवर बोलला, ताय म्हणाल्या माझी वाट नका बघू. मला वाटलं, तू येतच न्हाईस. दाजींच्या मागं तुझं मन उठलं असंल, मी जबरदस्ती कशी करू? मंग बायकांनी हळद लावली."

आई थक्क होऊन बघत राहिली. "मला जीप लागते, दादू. मी त्याला बोलले, तू जा, मी पोराच्या मागं स्कूटरवर येते, माझी वाट नको बघू. जीपसाठी बोलले मी."

"मंग परत का गेलीस? इचारलं का न्हाईस?"

"तू का न्हाय इचारलंस?"

गाडी जराशी हलली. दोघांनी ती सावरली.

"मला वाटलं," आई म्हणाली, आणि तिनं गाडीला खांदा पुन्हा नीट लावला. "मला वाटलं, विधवेचा हात नको."

"आयेच्या मागं त्याच हातानं तू मला भरवलंस," मामा म्हणाले. "तो हात मला नको व्हईल?" मग सदऱ्याच्या बाहीला नाक पुसून म्हणाले, "गणराजला मुलगी झालीय. त्याला बहीण न्हाय. पाळण्यात नाव ठेवायला आत्या पायजे, ती तूच हायस. बारसं अडलंय आमचं. तेच सांगायला फाट्यावर उभा होतो."

"मुलगी?" आई म्हणाली. "कोणावर गेलीय?"

"नाक तुझं हाय."

आईनं गाडी सोडली. मामांनीही सोडली. ती गाडीच्या पुढून वळसा घालून त्यांच्याकडे गेली आणि पदरानं त्यांचं तोंड पुसू लागली. दोघं रडत होती आणि बाळाच्या नाकाबद्दल बोलत होती. तशीच बोलत ती देवळाच्या दाराकडे चालू लागली.

गाडी उजवीकडे झुकली तेव्हा माझ्या हाताला फुलांच्या दुकानाचा खांब लागला, तो मी धरला. आई आणि मामा देवळात दिसेनासे झाले. मला फार बरं वाटत होतं. खांब सोडता येत नव्हता, एवढंच.

फुलवाल्या मावशींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग एक हार पुढे केला.

"दादा, छप्पर हलतंय. उतरून दर्शनाला जायचं न्हाय का?"

मी कळसाकडे पाहून एका हातानं नमस्कार केला.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "मी इथूनच घेतो."