रविवारी साडेदहाला बायको अडकते

बायको लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेली आणि त्याच आठवड्यात मी आमच्या कॉम्प्युटरवर दुसरा अँटिव्हायरस टाकला. पहिला होताच. पण घरात माणूस एकटा पडला की त्याला सुरक्षिततेचे विचार फार सुचतात. (एरवी आमच्याकडे तो विभाग तिचा. दाराला कडी लावली का, हे मी अंथरुणात पडल्या पडल्या तिलाच विचारतो.) दोन्ही अँटिव्हायरसना मी एकच वेळ नेमून दिली: रविवारी सकाळी दहा. साडेदहाला तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिच्यासमोर स्वच्छ मशीन घेऊन बसावं, अशी माझी इच्छा होती. बाकी घराला स्वच्छ म्हणण्याची सोय उरली नव्हती.

पहिल्या रविवारी बायको पडद्यावर आली, "अहो, किती वाळलात" म्हणाली आणि तिथेच थांबली. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला. टेबलाखालून कॉम्प्युटरचा पंखा घोंघावू लागला. आवाज तेवढा तुकड्यातुकड्यांनी येत होता.

"...नातवाचं नाक... तुमच्यासारखं..."

"नाकाला काय झालं?"

"...मोजे..."

"नाकात मोजे?"

"अहो, तिकडे गिरणी चालू आहे का?"

"अगं, तुझ्यावाचून घर..." मी म्हणालो, आणि कॉल तुटला.

पुढचं वाक्य साधंच होतं. तुझ्यावाचून घर खायला उठतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं वाक्य मी कधी बोललो नव्हतो. म्हणून आठवडाभर आंघोळ करताना, बसस्टॉपवर, ऑफिसात फायलीआड तोंड लपवून त्याची तालीम करायचो. रविवारी 'तुझ्यावाचून घर'पर्यंत पोचायचो आणि बायको अडकायची. शेवटी तिचा मेसेज आला: 'घर घर काय करताय? गळतंय का? प्लंबरला बोलवा.'

कॉल तुटला तरी स्कॅन चालूच असायचं. तपासल्या जाणाऱ्या फायलींची नावं पडद्यावर सरकत राहायची आणि त्यात आमचे जुने फोटो यायचे. समुद्रावर ती. नव्या चपला घातलेली ती. माझ्यावर रागावलेली ती (हे बरेच होते). शेवटी निकाल लागला: 'धोका आढळला नाही.' इतके फोटो बघून ज्याला धोका कळला नाही, त्याच्या भरवशावर मी मशीन सोडलं होतं! तरीही रविवारची दुपार मी तिथेच बसून काढायचो. ती नावंसुद्धा सोबत वाटायची.

अखेर लेकीनेच फोन केला. "बाबा, टास्क मॅनेजर उघड. सगळ्यात जास्त प्रोसेसर कोण खातंय?"

"दोघं अँटिव्हायरस खातायत. मिळून सत्त्याण्णव टक्के."

"दोघं? बाबा, दोन अँटिव्हायरस? अरे, ते एकमेकांनाच तपासत बसतात! एक काढून टाक. आणि राहिलेल्याचं स्कॅन दुसऱ्या वारी लाव, मशीन रिकामं असेल तेव्हा."

मी काढायला घेतला. पडद्यावर अक्षरं आली: 'तुम्ही जाताय याचं आम्हाला वाईट वाटतं. खरंच जायचंय? थोडं थांबता का?'

माझा हात माउसवरच राहिला. बायको निघाली त्या दिवशी विमानतळावर ती बॅग घेऊन दारात घुटमळली होती. दोनदा मागे वळून पाहिलं होतं. आणि मी काय म्हणालो होतो? "चार्जर घेतलास ना?" एका सॉफ्टवेअरला जे सुचलं, ते मला सुचू नये!

"बाबा, दाबलंस का?"

"तो थांबता का विचारतोय गं."

"नाही म्हण!"

"तोंडावर?"

"बाबा!"

मी डोळे मिटून दाबलं. मग राहिलेल्याचं स्कॅन बुधवारी दुपारी लावलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. प्रोसेसर नऊ टक्क्यांवर आला. पंखा इतका गप्प झाला की शेजारच्यांचा टीव्ही ऐकू यायला लागला.

रविवारी साडेदहाला बायको आली. अख्खी आली. दोन्ही डोळे उघडे. कपाळावरची बट हलत होती, मांडीवर नातू चुळबुळत होता. ती हसली, तेव्हा हसू आधी आणि आवाज मागून असं काही झालं नाही. तिचे डोळे थोडे ओढलेले दिसले. तिथे तिला झोप मिळत नसणार. मी बघतच राहिलो. आठवडाभर घोटलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"अहो?" ती म्हणाली. "अहो, ऐकू येतंय का?"

मला मानसुद्धा हलवता येईना.

"अगं, हे अडकले बघ," तिने लेकीला हाक मारली. "तोंड बघ कसं उघडं राहिलंय."

"कट करून परत लाव, आई."

पडदा काळा झाला. क्षणभराने ती पुन्हा आली. "आता हललात. ते मशीन जुनं झालंय हो. नवीन घेऊन टाका."

आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी सगळा जीव गोळा केला. "घेऊ," म्हणालो. "तू आलीस की. लवकर ये."

"मी येऊन काय करू?" बायको म्हणाली. "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय!"