मरणमामांची टकटक

मामांचा उद्योग मरण्याचा होता. आतल्या खोलीतल्या कपड्यांच्या कपाटात माइक टांगून, दार ओढून घेऊन, ते रोज दुपारी मरत. व्हिडिओ गेममधले सैनिक मरताना ओरडतात, त्याला कुणाचा तरी गळा लागतोच. एकच किंकाळी पुन्हापुन्हा ऐकून खेळणारे वैतागतात, म्हणून कंपनीला तऱ्हेतऱ्हेची मरणं हवी असत. मामा तलवारीने मरत, आगीत मरत, कड्यावरून कोसळून मरत आणि संध्याकाळी लेकीसाठी चहा ठेवत.

उभा जन्म नाटकात घालवूनही त्यांच्या वाट्याला मरणाचा प्रवेश कधी आला नव्हता. कायम दारवान, नाहीतर निरोप्या. म्हातारपणी लाभलेलं हे मरण त्यांनी भलतंच मनावर घेतलं होतं.

पहिल्याच दिवशी शेजारची नर्स धावत आली. ती रात्रपाळी करून दुपारी झोपे. मामा कपाटातून हसतमुखाने बाहेर आले तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. शेवटी तह झाला. मरून झालं की मामांनी मधल्या भिंतीवर दोनदा टकटक करायची, म्हणजे सैनिक गेले, मामा आहेत, असं समजून तिने निवांत झोपायचं. मजल्यावर त्यांना मरणमामा म्हणू लागले. लेकीला ते नाव अजिबात आवडत नसे.

त्या दिवशी भाल्याने मरायचं होतं. हेडफोनवर पलीकडे रेकॉर्डिंगवाला होता. दोन-तीन भाले नीट लागले आणि मग मामांच्या छातीत खरीच कळ आली. तोंडून निघालेला आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"जरा लांबला मामा," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "थोडा आवरता घ्या."

"अरे, खरंच दुखतंय रे."

"आज संवाद नाहीत. नुसता आवाज द्या."

मामांनी कपाटाचं दार ढकलून पाहिलं, पण हातात जोरच उरला नव्हता. त्यांनी पाय झाडले, तेव्हा रेकॉर्डिंगवाल्याने पाय न आपटण्याची विनंती केली. मग ते उरलासुरला जीव एकवटून ओरडले. नर्सने सवयीने उशी कानावर घेतली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी, आज जरा हळू मरा हो, असं सुनावलं. आपला अभिनय खरा वाटावा म्हणून जन्मभर धडपडलेल्या माणसाचं खरं मरण आता अभिनयात जमा होत होतं. मामा भयंकर घाबरले. लेक कामावरून येईल, कपडे बदलायला कपाट उघडेल आणि आपण तिच्या अंगावर पडू, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. रेकॉर्डिंगवाल्याने आजचं काम झकास झाल्याचं सांगून फोन ठेवला. हँगरवरचा एक कोट मामांच्या तोंडावर पडला आणि ते गप्प झाले.

पलीकडे नर्सला झोप येईना. आवाज थांबला होता, पण टकटक झाली नव्हती. तिने या कुशीवरून त्या कुशीवर वळून पाहिलं. माणसाने मेल्यावर निदान कळवावं, एवढी साधी रीत पाळता येत नाही का, म्हणून ती चिडून उठली आणि लेकीने ठेवायला दिलेली किल्ली घेऊन भांडायला आली. कपाट उघडलं आणि भांडण सोडून तिने आधी मामांची नाडी धरली.

मामा वाचले. तिच्याच इस्पितळात त्यांना ठेवलं होतं. लेक उशाशी बसून आळीपाळीने रडत आणि रागावत होती. भेटायला आलेला रेकॉर्डिंगवाला खाली मान घालून उभा होता. काही कळायच्या आत त्याने सगळं कंपनीला धाडून दिलं होतं. सगळी मरणं पसंत पडली, फक्त शेवटचं परत आलं.

"का?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"खोटं वाटतं म्हणाले. अभिनय जास्त झालाय."

असा अपमान मामांचा दारवानाच्या भूमिकेतही झाला नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले आणि बारीकसा, मोजका, अर्ध्यावर तुटणारा असा एक कण्हण्याचा आवाज काढला.

वॉर्डातून दोन डॉक्टर पळत आले. रेकॉर्डिंगवाला भिंतीला टेकला. नर्स तेवढी दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"टकटक करा, मामा," ती म्हणाली.

खाटेच्या लोखंडी दांडीवर एक टकटक लगेच झाली. दुसरीला जरा वेळ लागला, आणि तेवढ्यात लेक उठून उभी राहिली होती.