सव्वा तासाचा प्रवास

एका जंगलाला दोन टोकं होती, बाळांनो, आणि दोन्ही टोकांना एकेक विमानतळ. पाटीवर ठळक लिहिलं होतं: हवाई अंतर दोनशे कोस, प्रवास सव्वा तास. पाटी खरं तेच सांगत होती. तेवढं लक्षात ठेवा.

पूर्वेच्या तळ्यावर बापूराव करकोचे राहत. पश्चिमेला दिलेल्या लेकीचा निरोप आला, की चार दिवसांत अंडं फुटेल. करकोच्यांत रीत अशी, की नातवाच्या चोचीत पहिला मासा आईच्या वडिलांनी घालायचा. बापूराव या दिवसाकडे वर्षभर डोळे लावून बसले होते. त्यांनी तळ्यातला सगळ्यात गुबगुबीत मासा निवडून पाण्याच्या तांब्यात ठेवला.

"अहो, उडत जा," करकोचीणबाई म्हणाल्या. "परवा संध्याकाळी पोचाल."

"व्याह्यांच्या दारात धापा टाकत उतरू?" बापूराव म्हणाले. "सव्वा तासात जाता येतं, तिथं दोन दिवस पंख कोण मारणार?"

विमानतळावर तपासणीला तरस होता. नियमाप्रमाणे त्याने तांब्यातलं पाणी ओतून दिलं. मासा ओला निघाला, म्हणून तो जागच्या जागी खाऊन टाकला. मग बापूरावांचे पंख चिकटपट्टीने गुंडाळले. प्रवाशांनी आपले आपण उडायला तिथे सक्त मनाई होती.

आत गेल्यावर कळलं, की चाळीस जागा भरल्याशिवाय विमान सुटत नाही. भरल्या होत्या तीन. बापूराव, एक गोगलगाय आणि तिची सासू. विमान हाकणारा गेंडा मात्र दारात उभा राहून सकाळपासून ओरडत होता, "दोनच पायजेत, दोनच!"

चौथ्या दिवशी बापूराव जागेवरून उठले. तिकडे अंडं फुटत असणार. ते तरसाकडे गेले आणि पट्टी काढा म्हणाले.

"काढतो की," तरस म्हणाला. "पण मग दोन दिवस लागतील बघा. इथून सव्वाच तास."

बापूरावांना ते पटलं. ते परत जागेवर जाऊन बसले.

दोन महिन्यांनी विमान भरलं आणि बरोबर सव्वा तासात उतरलं. दारात एक उंच, तरणाबांड करकोचा उभा होता. त्याच्या चोचीत मासा होता.

"आजोबा, तुम्ही भुकेले असाल, म्हणाली आई," असं म्हणून त्याने तो बापूरावांच्या चोचीत घातला.

बापूरावांना मासा गिळवेना. शेवटी त्यांनी विचारलं, "तुला पहिला कोणी भरवला रे?"

"इकडच्या आजोबांनी. आईने दोन दिवस तुमची वाट बघितली."

बापूरावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मान ताठ केली.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "मी सव्वा तासात आलो."

तात्पर्य: प्रवास नेहमी विमानानेच करावा. त्यात गेलेला बाकीचा वेळ प्रवासात धरत नाहीत.