तात्याबाची नजर

उमापुरात पाण्याचा टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाच ठाऊक. अशा दुष्काळात तात्याबानं गुळगुळीत दाढी केली, साबण लावून आंघोळ केली, तेव्हाच सत्यभामाच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठं चालले?"

"गेवराईला. दूध संस्थेचं काम हाय."

"गाईच्या कासंत दूध न्हाई, अन् संस्थेला काम कशाचं?"

तात्याबा न ऐकल्यासारखं करून सटकला. शेजारच्या पारूबाईनं आगीत तेल ओतलं. "परवा बी असाच गेलता. इतकं पाणी माणूस उगं सांडत न्हाई, बग."

सत्यभामानं पदर खोचला आणि मागची जीप पकडली.

गेवराईत तात्याबा एका शाळेत शिरताना दिसला. फाटकावर हवालदार उभा, म्हणून ती मागच्या अंगानं गेली. खिडक्यांना परीक्षार्थींचे मामा-काका चिठ्ठ्या पुरवायला लोंबकळत होते. त्यांना कोपरानं सारून तिनं आत डोकावलं, तर शेजारच्या बाकावरच्या एका बाईकडं तात्याबा मान ताणून, डोळे बारीक करून बघत होता!

"अहो! तिच्याकडं कशाला बघता?"

नेमकं तेव्हाच भरारी पथक वर्गात शिरलं होतं. पथकाचे साहेब गर्रकन वळले. "कोण बघतंय?"

"ह्यो माझा नवरा! त्या बाईकडं! कवाधरनं!"

साहेबांनी तात्याबाची उत्तरपत्रिका हिसकावली. "कॉपी? चला, बाहेर व्हा."

तात्याबाला रडू फुटायचं बाकी राहिलं. दूध संस्थेचा सचिव दहावी पासच हवा, असं वरून आलं होतं. इतकी वर्षं सचिवाचं काम ओढणाऱ्या तात्याबानं मग गुपचूप बाहेरून दहावीला नाव घातलं. नापास झालो तर गाव हसेल, म्हणून घरातही चकार शब्द काढला नव्हता. हे सगळं त्यानं भर वर्गात, हात जोडून सांगितलं.

नवऱ्याचं सचिवपद सत्यभामानंच खिडकीतून उधळलं होतं.

"साहेब, कॉपी न्हाई ओ! हे नुसते बाईकडंच बघत व्हते. लई वंगाळ सवय हाय त्यांची!"

ती बाई, वत्सलाबाई नावाची अंगणवाडीसेविका, पदर सारखा करून भिंतीकडं सरकली.

साहेबांनी दोघांचे पेपर शेजारी धरले. पेपर गणिताचा, वत्सलाबाईंची पानं भरलेली, तात्याबाची कोरी करकरीत.

"बाई, तुमचंच खरं. यांनी एक आकडासुद्धा उतरवलेला नाही." त्यांनी पेपर परत दिला. "लिहा. आणि जरा वयाला शोभेल असं वागा."

तात्याबा वाचला. सत्यभामा मात्र थिजली. तिनं मारलेली थाप सरकारी माणसानं तपासून खरी ठरवली होती.

परतीच्या जीपमध्ये तिनं विचारलंच, "कॉपी न्हवती, तर बघत काय व्हता?"

"अगं, कॉपीच करीत व्हतो! चष्मा घरी राहिला, लांबचं दिसंना. आईची शप्पत!"

"कॉपी करणाऱ्यानं एक तरी आकडा उतरविला असता."

जीपमधली माणसं माना वळवून बघू लागली. तात्याबा एकेकाला हात जोडून सांगत होता, "मी कॉपीच करत व्हतो हो!" कुणाचाच विश्वास बसेना.

पुढच्या पेपरला सत्यभामा स्वतः त्याला शाळेपर्यंत पोचवायला आली. चष्मा तिनं घरीच, पेटीत कुलूप लावून ठेवला होता.