पाचवं लेबल

रविवारी सकाळी साडेसहालाच गुलाबराव साळव्यांचा जीव खालीवर होत होता. अंगात सदरा अर्धाच घातलेला, ओठांत प्रवचन, आणि एक कान स्टेशनाकडे. इंजिनाची शिट्टी झाली की हात आपोआप घड्याळाकडे जाई.

"अहो, नळ येऊन राह्यला. दोन बादल्या तं भरून द्या," रत्नमालाबाई आतून म्हणाल्या.

"आजच्या दिवशी तुले बादल्या सुचतात? मन जरा वरच्या गोष्टींत लाव! पानी काय, आज हाय, उद्या नाई."

"म्हनूनच आज भरून राह्यले," बाई म्हणाल्या आणि बादल्या स्वतःच उचलून गेल्या.

गुलाबरावांची तगमग उगाच नव्हती. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, पण चर्चची वीटसुद्धा लागली नव्हती. रेल्वेतली सात ख्रिस्ती मराठी कुटुंबं दर रविवारी धूळ तुडवत उपासनेला दुर्गला जात. आज दहा वाजता दुर्गचे पाळकसाहेब गुलाबरावांच्या क्वार्टरात येणार होते. प्रवचन पटलं तर उपासना इथंच भरायची आणि गुलाबरावांनीच ती चालवायची. नाही पटलं, तर म्हाताऱ्या भागाबाईंची पायपीट काही चुकत नव्हती.

गुलाबराव माल ऑफिसातले बाबू. रद्दी कागदावर प्रवचन लिहिणं त्यांच्या हातून होईना. मालगाडीच्या डब्याला बाहेरून अडकवतात ना, ती पुठ्ठ्याची लेबलं, त्यातली पाच कोरी घेऊन त्यांनी प्रवचन रकान्यांत बसवलं होतं. पहिल्या लेबलावर 'कुठून' : माती. मग वाटेतले थांबे, मोह, धोके. आणि पाचव्यावर 'कुठे' : स्वर्ग. 'माल' : आत्मा, नग एक. स्वतःच्याच हुशारीवर स्वारी भलती खूश होती.

मालगाड्यांना मात्र रविवार कळत नव्हता. आठ वाजता ऑफिसात जाऊन पाच डब्यांची लेबलं द्यायची होती, चार रिकामे डबे खाणीकडे, एक तांदळाचा नागपूरला. गुलाबरावांनी जाऊन ती लिहिली आणि दुसऱ्या खिशात टाकली, पण डोक्यात स्वर्ग. रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन बळीराम समोर उभा राहिला, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"बाबू, लेबल?"

गुलाबरावांनी डोळे न उघडता खिशातून गठ्ठा काढून दिला. बळीरामाला अक्षरओळख नव्हती. बाबूंनी दिलं म्हणजे बरोबरच. त्यानं पाचही डब्यांना एकेक अडकवलं.

दहाला खोली गच्च भरली. गाणं झालं, प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी मान हलवली आणि गुलाबराव उभे राहिले.

"प्रिय बंधुभगिनींनो," त्यांनी खिशातून लेबल काढून वाचलं, "रिकामा डबा."

"आमेन," भागाबाई म्हणाल्या. थोडी जरी जागा मिळाली तरी त्या आमेन म्हणत.

गुलाबरावांनी ते घाईनं परत खिशात कोंबलं. दुसरं लेबल काढलं. "रिकामा डबा." तिसरं, चौथं, तेच. पाचव्यावर तांदूळ, नागपूर.

"आमेन," भागाबाई म्हणाल्या.

पाळकसाहेबांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात दारात बळीराम, धापा टाकत.

"बाबू! गार्डसाहेब गाडी हलवून नाई राह्यले! मले इचारते, 'मोह' हे टेसन कोनत्या लाइनीवर हाय?"

त्याच्या हातात चार लेबलं होती. गुलाबरावांनी झडप घालून खरी लेबलं त्याच्या हातात कोंबली. तोवर पाळकसाहेबांनी ती चार मागून घेतली, चष्मा लावला आणि स्वतःच मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मातीतून निघालेला तो आत्मा थांबे घेत, धोके चुकवत चालला होता. चौथं लेबल संपलं आणि पाळकसाहेब थांबले.

"वा, गुलाबराव! पण जायचं कुठे, ते पाचव्यावर दिसतंय. पाचवं?"

"तो तांदळाचा डबा न साहेब?" बळीराम म्हणाला. "तो तं आधीच्याच गाडीले लागला. गेला नागपूरकडे."

सगळी मंडळी गुलाबरावांकडे बघत होती. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र तांदूळ, रेल्वेचे साहेब, ठपक्याचा मेमो आणि बदली. आपण कुठे चाललो होतो, ते काही केल्या आठवेना.

"सांगा, गुलाबराव. आत्मा शेवटी कुठे जातो?"

"राजनांदगाव पार केलं असन, साहेब," गुलाबराव म्हणाले.

आता भागाबाईंनाही आमेन म्हणवेना. कोपऱ्यातून पदर सावरत रत्नमालाबाई उठल्या. "स्वर्गात जाते, पाळकसाहेब. आठ दिवस झाले, भाकऱ्या थापता थापता आयकून राह्यले मी." आणि त्यांनी पाचवं लेबल घडाघडा म्हणून दाखवलं, शेवटी छोटीशी प्रार्थनाही केली. पाळकसाहेबांनी तिथंच जाहीर केलं, पुढच्या रविवारपासून उपासना इथंच. चालवतील रत्नमालाबाई. गुलाबरावांनी सध्या ऐकावं.

दुर्गची पायपीट सुटली म्हणून भागाबाई हुंदका देऊन रडल्या. गुलाबरावांना मात्र आनंद मानावा की लाजावं, ते कळेना.

तांदूळ सुखरूप पोचला. गार्डाजवळ डब्याचे कागद होते. मेमोही आला नाही. आला तो आठवड्यानं एक लिफाफा. आत ते पाचवं लेबल, पाठीवर स्टेशनांचे शिक्के. राजनांदगाव : स्वर्ग आमच्याकडे नाही, पुढे पाठवा. गोंदिया : पुढे पाठवा. नागपूरच्या बाबूनं मात्र सगळे रकाने नीट तपासले होते. अपुरा रकाना दिसला की गुलाबरावही असंच करत. लाल शाईत लिहिलं होतं :

'मालाचे वजन लिहिलेले नाही. रवाना करता येत नाही. पाठवणाऱ्याकडे परत.'

गुलाबरावांनी ते दोनदा वाचलं. लांब कुठेतरी इंजिनाची शिट्टी झाली, पण हात घड्याळाकडे गेला नाही.

"अहो, नळ आला," आतून आवाज आला.

गुलाबराव उठले आणि दोन्ही बादल्या घेऊन मुकाट्यानं नळाकडे निघाले.