हळदोळी बियाण्याची व उणे अठरा अंशांची कैफियत

श्री. जो चुकला त्यास पदरात घेणारा आणि जे चुकले ते विसरू न देणारा, तो देव वाचणाराचे व लिहिणाराचे मस्तकी असो. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमी, ते दिवशी हे लिहावयास घेतले. लिहिणार आपले नाव सांगत नाही, कारण नाव लहान आहे आणि मजकूर मोठा आहे. हुजूर दप्तरी या प्रकरणाची एकच ओळ आहे, ती ऐसी: ‘सातवे कोठीतील बी नासले, कारण यंत्र मोडले.’ ओळ खोटी नव्हे, परंतु ती वाचून कोणास काही उमगावे ऐसीही नव्हे. सबब काय झाले, कोठे झाले, कोणाचे हातून झाले, हे पायरीपायरीने वर कळवितो.

या राज्यात डोंगराचे पोटी एक बीजकोठार होते, आणि त्यात राज्यातील जुनी वाणे उणे अठरा अंशांचे थंडाईत निजवून ठेवीत, म्हणजे वर्षानुवर्षे बी मरत नसे. पहिल्या सहा कोठ्या मोठ्या, आणि सातवी एका माणसास उभे राहता येईल इतकीच. त्या सातवीत हळदोळी नामे भाताचे चार पायली बी होते, आणि जगात हळदोळी म्हणोन जे काही उरले होते ते तेवढेच. ज्या खोऱ्यात ते पिकत असे ते खोरे धरणाचे पाण्याखाली गेले, तेव्हा भिवराबाई नामे कुणबीण हे बी कमरेला बांधोन वर आली. वसाहतीस जी जमीन मिळाली ती कोरडी मुरमाड, तीत भात होणे नाही, आणि घरी ठेविले बी दरसाल जुने होऊन मरते. मग बाई कोठारी आली आणि म्हणाली, “पान्याची जमीन मिळंस्तोवर एवढं सांभाळा, दादा.” राज्याने सांभाळतो म्हणोन कागद करून दिला. तो कागद ज्याने तिचे हाती दिला तोच हे लिहितो आहे. याउपरी अकरा वर्षे बाई अर्ज देत राहिली.

आता यंत्रशाळेचे वर्तमान. थंडाईवर नजर ठेवावयास प्रोग्राम होता, त्याचे अध्यक्ष रायाजीपंत, मोठे कर्ते पुरुष, आणि प्रस्तुत लिहिणार त्यांचे हाताखाली प्रोग्राम लिहीत असे. पूर्वी प्रोग्राम लिहावयाची जी भाषा होती तीत ऐसी खोड होती की, तापमापकास उत्तर न साधले तर तो उणे एक आकडा पाठवी आणि पुढील कलमे, म्हणजे प्रोग्रामाचे पुढले तुकडे, तोच आकडा खरा मानून चालत, त्याणे दोन वेळा फजिती जाहली. मग मसलत करून नवी कडक भाषा आणविली. तिची रीत बहुत चांगली. कोणतेही कलम कोणास उत्तर देई ते उघडे देत नसे, थैलीत घालून देई, आणि थैलीत एक तर मजकूर असे नाहीतर खता असे, खता म्हणजे काय बिघडले त्याची चिठी. थैली उघडल्यावाचून आतील जिन्नस घेता येत नसे, कारण कंपायलर म्हणोन एक परीक्षक त्या भाषेसोबत आला होता, तो माणूस नव्हे, यंत्रातच बसलेला, आणि ज्याने थैली न उघडता काम पुढे रेटिले त्याचा कागद तो तोंडावर परत मारी. खता निघाली तर करावयास तीन गोष्टी होत्या. आपल्याने निस्तरेल तर निस्तरावे. न निस्तरेल तर चिठीवर आपली एक ओळ चढवून, म्हणजे मी कोणते कोठीचे काम करीत होतो व कोठे अडलो ते लिहून, वरचे कलमाकडे द्यावी. आणि तेही शक्य नसेल तर घंटा वाजवून सारे यंत्र जागचे जागी थांबवावे, की माणसाने धावत यावे. इतकी सोय असता बुडणे कठीण होते, आणि तरी आम्ही बुडालो.

घंटा पहिले वर्षी फार वाजली. एकदा थोरले सरकार कोठार पाहावयास आले असता भर पंक्तीत वाजली, आणि सरकारांनी हातचा घास खाली ठेविला, आणि रायाजीपंतांचा चेहरा पडला. मग पंतांनी यंत्रशाळेचे दारी एक फळा लाविला, त्यावर ‘घंटेविना दिवस’ ऐसे लिहून रोज सकाळी आकडा वाढवीत, आणि दसऱ्यास त्या फळ्यास झेंडूचा हार घालीत. शंभर दिवस झाले तेव्हा पेढे वाटिले. आम्ही सर्वांनी खाल्ले, मीही दोन खाल्ले. हळूहळू ऐसे झाले की, बी कसे आहे हे कोणी पुसेना, फळा कितीवर आला हेच पुसू लागले. सातवे कोठीचा तापमापक दमट हवेने मधूनच अडखळत असे, त्याची खता निघे, घंटा वाजे आणि फळा पुन्हा शून्यावर येई. एके दिवशी, फळा नव्वदावर असता, पंत माझे मेजाशी आले आणि म्हणाले, “अहो, क्षणभर उत्तर आलं नाही म्हणून गावभर बोंब कशाला? काहीतरी करा बुवा.” मग मी काहीतरी केले. थैली उघडावी, मजकूर निघाल्यास घ्यावा, आणि खता निघाल्यास चिठी टाकून देऊन मागीलच आकडा पुढे पाठवावा, ऐसे एका ओळीचे कलम लिहिले. परीक्षकाने ते उलटसुलट पाहिले आणि पास केले, कारण थैली उघडिली की नाही इतकेच तो पाहतो, आतल्या चिठीचे काय केले हे पाहण्याचे त्याचे काम नव्हे. ते काम माझे होते. ते कलम लिहावयास मला दहा पळेही लागली नाहीत, आणि लिहून झाल्यावर बरे वाटले, हे सांगावयास लाज वाटते परंतु सांगतो.

पुढे यंदा चैत्र वद्य द्वितीयेस उंदराने सातवे कोठीचे तापमापकाची तार कुरतडिली. त्या घडीपासून दर पळास खता निघू लागली, आणि दर पळास माझे कलम ती चिठी टाकून देऊन उणे अठरा, उणे अठरा, म्हणोन वर कळवू लागले. तीन दिवसांनी त्या कोठीचे थंडाईचे यंत्र आपोआप बंद पडले, ही नित्याची मोड होती, कळती तर दुपारपर्यंत दुरुस्त होती. न कळली. मग भिंतीवरील बर्फ वितळला, पाणी छतावरून बियाण्याचे पिशव्यांवर ठिबकू लागले, आणि बाहेर वैशाख तापला, आणि यंत्रशाळेचा फळा चारशेवर गेला. कोठाराचा राखणदार गेनू धनवडे, तीस वर्षे चाकरीत, अक्षरशत्रू, तो एके सकाळी माझेकडे आला आणि दारात घुटमळत म्हणाला, “साहेब, सातव्या कोठीची कडी हाताला गार लागत न्हाई. रोज हात बधिर व्हायचा.” मी पडद्याकडे पाहिले, पडद्यावर उणे अठरा. मी म्हणालो, “गेनू, ऊन किती आहे बघ. तुझ्याच हाताला ताप असेल.” तो म्हणाला, “आसंल,” आणि उगाच हात पुशीत निघोन गेला. त्या राज्यात थैलीवाचून, चिठीवाचून, खरी खबर वर घेऊन येणारा तो एकच होता, आणि त्यास मी परत लाविले.

वैशाख वद्य त्रयोदशीस भिवराबाई आली. सत्तरीची बाई, धुवट लुगडे, हाती नवी वेताची टोपली, आणि टोपलीत जमिनीचा कागद. अकरा वर्षांनी पाण्याची जमीन मिळाली होती, ओढ्याकाठी वीस गुंठे, आणि मृग चार दिवसांवर आला होता. पंतांनी तिचा सत्कार योजिला, नारळ आणविला, आणि आम्ही सारे तिजला घेऊन सातवे कोठीशी गेलो. दारावरील पडदा हिरव्या अक्षरी उणे अठरा दाखवीत होता, आणि दाराखालून पाणी येत होते. प्रथम ते गेनूस दिसले, मग बाईस, मग मला; पंत नारळ हाती धरून पडद्याकडेच पाहत होते. दार उघडिले, तो आंबूस ऊब तोंडावर आली. पिशव्या फुगून उसवल्या होत्या. बियाणे मेले ऐसे म्हणावे तर तेही पुरते खरे नव्हे. ऊब आणि ओल मिळता त्यास वाटले की आपला मृग आला, आणि ते अंधारात उगवले, बोटबोट पांढरे कोंब काढिले, माती नाही, उजेड नाही, ऐसे एकमेकांत गुंतून कुजून गेले. बाईने खाली बसोन पिशवीत हात घातला, आणि बराच वेळ काढिला नाही.

मग तिने पडद्याकडे बोट करून पुसिले, “ह्ये काय सांगतंय?”

पंत म्हणाले, “उणे अठरा. म्हणजे... यंत्र तर ठीकच दिसतं आहे, बाई.”

“मग ह्ये कसं झालं? कुनी चुकलं म्हना की.”

पंतांनी खाली पाहिले. मलाही तेव्हा चिठी टाकून देता येत होती. तार उंदराने खाल्ली, यंत्र आपोआप बंद पडले, हे दोन्ही खरेच होते, आणि त्या दोहोंचे मागे लपावयास जागा भरपूर होती. परंतु बाईचे हाताला कोंब चिकटले होते ते मी पाहिले, आणि मग म्हणालो, “मावशी, मी चुकलो. थंडी मोजणारं यंत्र बिघडलं तर त्यानं ओरडायचं, अशी रीत होती. मी त्याला गप्प बसवलं. उत्तर आलं नाही तर कालचाच आकडा सांग, असं मी त्याला शिकवलं.”

तिने शिवी द्यावी ऐसे मला वाटत होते, परंतु तिने शिवी दिली नाही. म्हणाली, “मला ठावं न्हाई, एवढंच म्हनायला त्याचं काय जात हुतं, दादा? आमाला अकरा वरसं समद्यांनी तेच सांगितलं, ठावं न्हाई, ठावं न्हाई. राग यायचा. पर मी म्होरल्या दारात जात हुते.” ऐसे बोलोन तिने कुजल्या कोंबांतून सुकेसे दिसले ते मूठभर वेचून टोपलीत घेतले, कागद त्यावर ठेविला आणि चालती झाली. नारळ पंतांचे हातीच राहिला.

ते मूठभर तिने ओढ्याकाठी पेरिले, आणि पंधरा दिवस बांधावर बसोन राहिली, ऐसे गेनू जाऊन पाहून आला. गवत उगवले. हळदोळी उगवली नाही.

मग हुजुरास ती आरंभी सांगितलेली एक ओळ गेली. पंतांनी आपले हाते फळा उतरविला. मी माझे कलम खोडून रीतीप्रमाणे लिहिले, म्हणजे खता निघता चिठीवर कोठी कोणती, आत काय, आणि काय बिघडले, ही प्रत्येक पायरीची ओळ चढून घंटा वाजावी. सातवी कोठी रिकामी, तिचे तारेची दुरुस्ती मंजूर होत नाही. सबब रोज सकाळी यंत्र सुरू होता तिची घंटा वाजते, आणि माणसाने उठोन ती हाताने थांबविल्यावाचून बाकीचे काम चालत नाही. पडद्यावर चिठी येते: ‘सातवी कोठी. हळदोळी भात, चार पायली, भिवराबाईचे. तापमापक उत्तर देत नाही. आत काय आहे ते ठाऊक नाही.’ नवे लोक म्हणतात, रिकाम्या कोठीची घंटा बंद करा. मी करीत नाही, आणि पंतही करा म्हणत नाहीत.

एवंच, बी होते, राखावयास रीत होती, आणि ओरडणाराचे तोंड आम्ही दाबिले. हळदोळी हे नाव आता त्या चिठीवाचून व या कैफियतीवाचून या राज्यात कोठे लिहिलेले नाही. ते रोज सकाळी एकदा येते, मी उठोन वाचतो, आणि कामास लागतो.