पन्ह्याची बाजू

भिडेंसमोर दोन गोष्टी सारख्या आहेत असं म्हणायची सोय नाही. आमच्या नोएडाच्या मराठी मंडळात कुणी म्हणालं, "जोशींची जुळी अगदी सेम आहेत, यार." भिडे ताटावरून मान वर न करता म्हणाले, "पट्टे जुळवलेत का?"

पट्टे म्हणजे जंतूंचे. भिडेंनी एका प्रयोगशाळेत जंतूंच्या डीएनएचे तुकडे करण्यात नोकरी काढली. एका जातीचे दोन जंतू दिसायला हुबेहूब असतात. तुकड्यांचे पट्टे शेजारी ठेवले, की कोण कुठल्या घरातला ते कळतं आणि साथ कुठून आली तेही. ही सवय घेऊन ते सरोजिनी नगरात शर्ट घ्यायला जात. "साहब, दोनों एक ही माल है," असं दुकानदारानं म्हटलं की संपलं. भिडेवहिनी म्हणायच्या, "चला आता. त्याचं गोत्र पुढच्या खेपेला विचारा."

वहिनींच्या पन्ह्यासाठी लोक गुरुग्रामहून यायचे. एका चैत्रात मात्र कार्यक्रमानंतर निम्मं मंडळ जुलाबांनी आडवं झालं. उरलेल्या पन्ह्यात ई. कोलाय जंतू सापडला, आजाऱ्यांतही ई. कोलायच. मी सेक्रेटरी. ग्रुपवर लिहून मोकळा झालो, की पन्ह्यानं घात केला.

भिडेंनी पट्टे जुळवले. नाव एक, घराणी दोन. पन्ह्यातला जंतू निराळाच निघाला. आजाऱ्यांतला जंतू तंतोतंत जुळला तो मंडळाच्या पाण्याच्या टाकीतल्याशी. टाकी साफ करून घेणं माझं काम होतं.

"अण्णा, ग्रुपवर तेवढं टाका," भिडे मला म्हणाले. "मी सांगून काय? मी पडलो नवरा."

"टाकतो," म्हणालो. टाकलं नाही.

वहिनी पुन्हा मंडळात आल्या नाहीत. पुढे आजारपणात गेल्या. भिडेंनी तो विषय कधी काढला नाही.

यंदा चैत्रात टाकीचं सगळं ग्रुपवर लिहिलं आणि त्यांच्या घरी गेलो. भिडे ओट्यापाशी पन्हं ढवळत होते.

"वाचलं," ते म्हणाले. मग ढवळता ढवळता म्हणाले, "ती रोज फोन उघडून बघायची."

त्यांनी ग्लास पुढे केला.

"दरवर्षी करतो. कैरी तीच, गूळ तोच. बघा बरं कसं झालंय."

मी सगळं प्यायलो. "अगदी वहिनींच्या हातचं."

भिडे रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिले. पट्टे जुळवलेत का, असं त्यांनी विचारलं नाही.